पाचची सही

आमच्या आत्याला धुलाईघरातल्या बायका ‘आधण’ म्हणायच्या. चुलीवर काही चढवलेलं असो वा नसो, ही आपली उकळतेय, म्हणून. एक पाय आखूड असलेल्या खुर्चीवर ती चिडायची. ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणून अर्ध्या तासाने उगवणाऱ्या माणसावर चिडायची. आणि कष्टकऱ्यांशी मुद्दाम सावकाश, मोठ्याने बोलणाऱ्या साहेबलोकांवर तर इतकी, की तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे वडील, तिला कुठल्या कचेरीत न्यायलाच घाबरायचे. लोक म्हणत, तिचा स्वभावच तापट. मला हे कधी पटलं नाही. स्वभाव तापट असता तर ती चांगल्या माणसांवरही चिडली असती. तिला ज्यांचा राग आला त्यांना मी एकेक करून आठवून पाहिलं आहे, आणि त्यातला एकही मला सोडून द्यावासा वाटत नाही.

हे सगळं मी तिच्याकडून आणि माझ्या आईकडून ऐकलेलं आहे. नणंद-भावजय दोघीही एकाच धुलाईघरात कामाला. दोघींच्या सांगण्याचा काही ठिकाणी मेळ बसत नाही. तिथे तसं सांगेन.

धुलाईघर म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, तिला सगळे ‘हॉल’ म्हणायचे. शहरातल्या इस्पितळाच्या आणि पाचसहा मोठ्या हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथे यायचे. एका टोकाला भट्टी आणि उकळती पिंपं, मधे पिळायच्या आणि खळ घालायच्या टाक्या, दुसऱ्या टोकाला रूळ. रूळ म्हणजे वाफेवर तापलेले, माणसाच्या मांडीएवढे जाड लोखंडी रूळ, एकावर एक. एका बाजूने ओली चादर आत सरकवायची, पलीकडे ती वाळून, पापडासारखी कडक होऊन बाहेर यायची. सत्तर बाया. वाफ इतकी, की समोरची बाई आवाजावरून ओळखायची. पायाखाली सतत पाणी, त्यामुळे सगळ्यांची पावलं पांढरीफटक आणि सुरकुतलेली. आई म्हणायची, “तिथे वीस वर्षांच्या पोरीचा चेहरा वीसचा आणि पाय साठीचे असायचे.”

माझी आजीही तिथेच होती, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. तिच्या काळात बायका आणि भट्टीवरचे पुरुष संपावर गेले. मागणी एकच, दिवसाला आठ तास आणि आठवड्याला एक सुट्टी. एकोणीस दिवस त्या फाटकाबाहेर बसल्या. विसाव्या दिवशी राखणदारांनी काठ्या चालवल्या. आजीच्या गालाचं हाड मोडलं, ते वाकडंच बसलं. मरेपर्यंत ती एकाच बाजूने चावायची. पण शहरातल्या इतर कारखान्यांतही तेच पेटलेलं होतं, आणि दोन वर्षांनी कायदा आला. आठ तास. आठवड्याचे अठ्ठेचाळीस. सातवा दिवस घरी. आजीने लेकीला सांगितलं, “तुला आमच्यासारखं मरावं लागणार नाही.”

सोळाव्या वर्षी आत्या कामाला लागली. पहिल्या दिवशी पाच वाजता घंटा झाली. सगळ्या बाया रांगेत उभ्या राहिल्या, मुकादमासमोरच्या हजेरीपटावर सही केली, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी अंगठा उठवला. रस्त्यावरचं मोठं फाटक धाडकन लावलं गेलं. आत्या डबा घेऊन निघाली तर मुकादम म्हणाला, “कुठे निघालीस?”

“घरी. पाच वाजले.”

“अगं, काम संपलं. आवराआवर राहिली ना!”

आवराआवर म्हणजे रूळ पुन्हा सुरू. हॉटेलांच्या चादरी आणि इस्पितळाचे गठ्ठे. आठ वाजेपर्यंत. मग मागच्या गल्लीतल्या छोट्या दारातून एकेकीने बाहेर पडायचं, बोलायचं नाही, घोळका करायचा नाही. रविवारी सकाळीही अर्धा दिवस आवराआवर. मालकाचं म्हणणं असं, की आवरणं हे काही काम नव्हे. आपल्याच घरात बाई आवरते तेव्हा ती काय पगार मागते?

साडेआठला ती घरी पोचली. आजी दारातच उभी.

“कुठे होतीस?”

“कामावर.”

आजीने तिच्या कानशिलात भडकावली. कारण आजी स्वतः पाच वाजता फाटकाशी गेली होती. लेकीचा पहिला दिवस, तिला घेऊन यावं म्हणून. फाटक बंद होतं. राखणदाराने सांगितलं, “सगळ्या गेल्या की! पाचला सुटतात आता. कायदा आहे.” आजी तासभर उभी राहून परतली होती आणि तीन तास पोरगी कुठे भटकतेय या काळजीने अर्धी झाली होती.

ही गोष्ट सांगताना आत्याचा आवाज सत्तराव्या वर्षीही चढायचा. “मारल्याचं काही नाही गं. पण जिने गालाचं हाड मोडून घेऊन तो कायदा आणला, तिलाच त्या फाटकाने मला खोटारडी ठरवायला लावलं! माझ्या आईला! तो मालक मला कधी भेटला नव्हता, माझं नावही त्याला ठाऊक नव्हतं, आणि पहिल्याच दिवशी त्याने माझ्या आईच्या हाताने मला मारलं.”

दुसऱ्या दिवशी तिने आजीला मागच्या गल्लीत आणून उभं केलं. आठ वाजता छोट्या दारातून बाया बाहेर पडताना आजीने पाहिल्या. त्यातल्या काही तिच्याबरोबर फाटकावर बसलेल्या होत्या. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर आजी कायद्याबद्दल कधी बोलली नाही.

पुढची बारा-तेरा वर्षं असंच चाललं. आत्या रोज चिडायची आणि रोज सही करायची. हे तिने लपवलं नाही. “मीही केली. घरात खाणारी तोंडं होती. रागाने चूल पेटत नाही.” मधे आजी गेली, वडिलांचं लग्न झालं, आई घरात आली आणि वर्षभरात तीही धुलाईघरात घड्या घालायला लागली. मी झाले. मी चार वर्षांची असताना ते घडलं.

रुळांवर आत्याच्या शेजारी एक मुलगी होती. बावीस वर्षांची, अंगाने एवढीशी, म्हणून सगळ्या तिला लहानी म्हणायच्या. खूप बोलायची. कुठल्या हॉटेलच्या चादरीवर कसला डाग होता यावरून ती तिथे राहून गेलेल्या माणसाची अख्खी गोष्ट रचायची, आणि बाया हसून लोटपोट व्हायच्या. आत्या तिच्यावर सोडून बाकी सगळ्यांवर चिडायची.

त्या दिवशी सकाळी आठपासून लहानी उभी होती. थंडीचे दिवस, इस्पितळात गर्दी, गठ्ठे दुप्पट. संध्याकाळी सव्वासातला चादरीची एक कड दुमडून आत चालली. ती सरळ करायला लहानीने हात पुढे केला. ताज्या हाताने तिने हे दिवसातून शंभरदा केलं असतं. पण तो अकराव्या तासाचा हात होता. चादरीने तिची बोटं ओढली आणि रुळांनी मनगटापर्यंत हात आत घेतला.

रूळ थांबवायचा दांडा पलीकडच्या टोकाला, मुकादमाच्या जागेवर. मुकादम चहा प्यायला बाहेर गेलेला. आत्या टेबलावरून उडी मारून पळाली, ओल्या फरशीवर आपटली, उठली, दांडा ओढला. “किती वेळ लागला?” असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “ते विचारू नकोस.”

लहानीला त्याच गाडीतून नेलं ज्यातून चादरी जायच्या. त्याच इस्पितळात. डॉक्टरांनी उजवा हात मनगटाच्या वरून काढला.

आणि आठ वाजता, हे दोघीही अगदी सारखंच सांगतात, मुकादमाने रूळ पुसून घेतले आणि उरलेले चार गठ्ठे काढून घेतले.

कायद्यात भरपाईचीही सोय होती. कामावर असताना इजा झाली तर मालकाने द्यायची. लहानीच्या बापाने अर्ज केला. आठ दिवसांनी मालकाकडून उत्तर आलं, टाइप केलेलं, खाली शिक्का. अपघाताच्या म्हणून सांगितलेल्या वेळी धुलाईघर बंद होतं. भट्टी विझलेली होती. सदर मुलीने त्या दिवशी पाच वाजता हजेरीपटावर सही करून आवार सोडलेलं आहे. सही तिचीच आहे, पडताळून पाहावी. इजा अन्यत्र झाली असावी. कंपनीला सहानुभूती आहे.

सही तिचीच होती. ज्या हाताने पाचला सही केली तोच हात सव्वासातला रुळात गेला होता; आणि कागदाच्या लेखी सही खरी, हात खोटा.

आत्याने ते पत्र लहानीच्या बापाकडून वाचून घेतलं. मग म्हणे तिने ते उलटून पाहिलं, जणू मागच्या बाजूला खरं काही लिहिलेलं असेल. दुसऱ्या दिवशी पाचला तिने सही केली आणि डबा उचलला. मुकादम आडवा आला.

“आवराआवर.”

“हॉल बंद आहे,” आत्या म्हणाली. “मालकांनीच लिहून दिलंय. बंद हॉलमध्ये मी काय करू? आणि तू इथे काय करतोयस? तूही घरी गेलायस की.”

ती मोठ्या फाटकातून बाहेर पडली. तिच्यामागून कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं.

मग ती कारखाना निरीक्षकाच्या कचेरीत गेली. निरीक्षक म्हणजे एक हडकुळा, सर्दीने बेजार माणूस. तीनशे कारखाने आणि एकटा जीव. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, “बाई, मी त्या रस्त्याने संध्याकाळी दोनदा गेलोय. फाटक बंद असतं.”

“फाटक बंद असतंच. आम्ही आत असतो.”

“सत्तर जणींची सही आहे. त्यातल्या दहा जणी जरी आल्या आणि म्हणाल्या—”

आत्या दहा जणी गोळा करायला निघाली. आठवडाभर ती दारोदार हिंडली. एकीने दार उघडलंच नाही. एकीने उघडलं आणि मुलाला दूध पाजता पाजता रडत राहिली. एक म्हणाली, “लहानीचा हात परत येणार आहे का? मग माझी भाकरी कशाला घालवतेस?” शेवटी ती घरी आली आणि माझ्या आईसमोर बसली.

“तू तरी चल.”

“ताई, मला जमणार नाही.”

“तू तिथे होतीस. तूच तिच्या हाताला फडकं बांधलंस.”

“तुमची नोकरी गेली. यांना महिन्यातून पंधरा दिवस काम. मीही घरी बसले तर ह्या पोरीला काय घालू, तुमचा राग?”

आत्या भयंकर काहीतरी बोलली. काय ते दोघींनीही मला सांगितलं नाही. त्यानंतर तीन आठवडे एका खोलीत राहून त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत, निरोप वडिलांमार्फत. “मीठ संपलंय म्हणावं.” “माहीत आहे म्हणावं.” वडील म्हणायचे, “माझी पोस्टमनकी तेवढी सरकारी नव्हती.”

आत्या रोज संध्याकाळी लहानीला भेटायला इस्पितळात जायची. एकदा साडेआठच्या सुमारास धुलाईघराची गाडी आली आणि माणसाने दोन गठ्ठे वॉर्डात आणून टाकले. थंडी कडाक्याची होती. तिथली मोठी नर्स आली, तिने गठ्ठ्याची गाठ सोडली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत चादरींच्या घड्यांमध्ये घातले. डोळे मिटून उभी राहिली.

“काय करताय?” आत्याने विचारलं.

“शेकतेय,” नर्स हसली. “एवढं एकच सुख आहे इथे. पहिल्या गठ्ठ्यासाठी भांडणं होतात आमची.”

“रोज गरम येतात?”

“रोज. हात लावून बघा ना.”

आत्याने हात घातला. आत भाजेल इतकं गरम होतं. तिने गठ्ठ्यावर डोकंच टेकलं. नर्सला वाटलं बाईला चक्कर आली, ती खुर्ची आणायला धावली.

“खुर्ची नको,” आत्या म्हणाली. “मला सांगा, पाच वाजता विझलेल्या भट्टीची चादर साडेआठला गरम कशी?”

दुसऱ्या दिवशी तिने निरीक्षकाला तापासकट उठवून इस्पितळात आणलं. साडेआठला गाडी आली. त्याने गठ्ठ्यात हात घातला, काढला, पुन्हा घातला. मग त्याने जे केलं त्यासाठी आत्याने त्याची सर्दी माफ केली. तो म्हणाला, गरम आहे एवढं पुरणार नाही, मालक म्हणेल घट्ट बांधलं की ऊब टिकते. त्याने गावातल्या दुसऱ्या एका धुलाईघरातून रुळावरून नुकताच उतरलेला गठ्ठा बरोबर पाचला बांधून घेतला, गाठीवर लाख लावून मोहोर केली आणि कचेरीतल्या टेबलावर ठेवला. साडेआठला नर्ससमोर उघडला. आतली चादर फरशीसारखी गार होती. त्याने हे तीन संध्याकाळी केलं.

सुनावणी टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर झाली. न्यायाधीश, दोन टेबलं, बाकडी. मालक आला नव्हता. त्याने वकील पाठवला होता, आणि मुकादमाबरोबर धुलाईघरातल्या सहा बायका. हॉल पाचला बंद होतो असं सांगायला. त्या सहांत माझी आई होती. आत्याने तिला त्या बाकावर बसलेलं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

नर्सने सांगितलं. निरीक्षकाने सांगितलं. वकील उठून म्हणाला, गोदामाच्या भिंतीला लागून वाफेचा नळ आहे, त्यामुळे गठ्ठे गरम राहतात.

“भट्टीच्या वहीत पाचला भट्टी विझवल्याची नोंद आहे,” निरीक्षक म्हणाला. “रोजची. मग नळात वाफ कसली? की ती नोंद खोटी आहे?”

वकिलाने कागद चाळले. मग तो आत्याकडे वळला.

“तुम्हाला तिथे आधण म्हणतात. खरं?”

“खरं.”

“का बरं?”

“तुमच्यासारखे जवळ येऊन बोट घालून बघतात म्हणून.”

बाकड्यांवर हशा पिकला. वकीलही हसला. तो सावकाश, मोठ्याने म्हणाला, “रागावलेला माणूस काहीही बोलतो, नाही का? तुम्हाला कामावरून काढलंय. तुम्ही रागात आहात.”

“आहेच मी रागात!” आत्या ओरडली. “मग काय करू, हसू? तेरा वर्षं तुम्ही आमच्याकडून पाच वाजता घरी गेल्याची सही घेतलीत आणि आठपर्यंत राबवलंत. रोज तीन तास! आमची पोरं झोपल्यावर आम्ही घरी. आणि मी काहीही बोलते? हे काहीही आहे?” तिने शेजारी बसलेल्या लहानीचा उजवा हात, शालीत गुंडाळलेला, धरून वर केला. शाल गळून पडली.

न्यायाधीशांनी मान खाली घातली. लहानी पांढरी पडली होती.

मग मुकादमाने आणलेल्या बायकांची पाळी आली. पहिल्या दोघी जमिनीकडे बघत म्हणाल्या, हॉल पाचला बंद होतो. तिसरी माझी आई.

आत्या सांगायची, की तो हात पाहून आईला पाझर फुटला. आई सांगते, असं काही नाही. ती घरूनच ठरवून आली होती, पण आधी सांगितलं असतं तर मुकादमाने तिला आणलंच नसतं. मी आईवर विश्वास ठेवते. ती चिडत नसे, पण तिच्या मनात काय चाललंय ते कुणाला कधी कळलेलं नाही.

“तुम्ही सही किती वाजता करता?” वकिलाने विचारलं.

“पाच वाजता.”

“सही तुमचीच?”

“माझीच. कुणी धरून करवून घेत नाही.”

“झालं तर मग.”

“झालं नाही साहेब,” आई म्हणाली. “पाचला मी सही करते. साडेआठला घरी पोचते. घर चालत पंचवीस मिनिटांवर आहे. मधले तीन तास मी कुठे असते ते मलाही लिहून हवंय. माझा नवरा विचारतो.”

चौथी बाई उठली आणि रडायलाच लागली. पाचवी म्हणाली, हिने सांगितलं तेच. सहावी मुकादमाची मावसबहीण होती. ती म्हणाली, “मला बरं वाटत नाही,” आणि बसली.

निकाल महिन्याने लागला. धुलाईघर चालू होतं. इजा कामावर झाली. मालकाने भरपाई द्यावी आणि दंड भरावा. दंडाची रक्कम ऐकून आत्या पुन्हा पेटली, कारण एका हॉटेलच्या एका दिवसाच्या चादरी धुऊन मालकाने तो वसूल केला असता. तुरुंगात कुणी गेलं नाही. मुकादमाला दुसऱ्या शाखेत वरची जागा मिळाली. पण पुढच्या वर्षी कायद्यात एक ओळ वाढली: आवारात पाऊल टाकल्यापासून ते बाहेर पडेपर्यंतचा सगळा वेळ कामाचाच धरावा, त्याला मालकाने काही का नाव देईना, आणि मागचं दार असेल तर निरीक्षकाला त्याची किल्ली द्यावी. त्या ओळीखाली आत्याचं नाव नाही, लहानीचं नाही. कशाला असेल? असल्या ओळी साहेबांना आपोआप सुचतात.

लहानीने आत्याशी बोलणं टाकलं. आत्या पहिल्यांदा तिच्या घरी गेली तेव्हा ती म्हणाली, “तू न विचारता माझा हात भरल्या खोलीत उचलून दाखवलास. मुकादमाने मला गठ्ठ्यासारखं गाडीत टाकलं, तूही तसंच वापरलंस.” उलट बोलायला न सुचण्याची तिची ती एकच वेळ असावी. तिने माफी मागितली. लहानीने मान हलवली, पण माफ केलं असं म्हणाली नाही. पुढे लहानी डाव्या हाताने लिहायला शिकली, कामगार संघटनेच्या कचेरीत लागली, सभांमधून बोलू लागली. आत्या त्या सभांना जायची आणि सगळ्यात मागे उभी राहायची. लहानी तिला बघायची, हाक मारायची नाही. आत्या ह्या एका गोष्टीवर कधीच चिडली नाही. “तिचा राग बरोबर आहे,” एवढंच म्हणायची.

कुठलंही धुलाईघर आत्याला उभं करेना. अखेर त्या मोठ्या नर्सने तिला इस्पितळाच्या कापडखोलीत लावून घेतलं. आठवडाभरात आत्या तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“इथे बाया बारा तास राबतात. तुम्हीही.”

“इस्पितळाला आठ तासांचा कायदा लागू नाही,” नर्स म्हणाली. “आजारी माणूस घड्याळ बघून आजारी पडत नाही.”

“मग माणसं वाढवा! आजारी माणसाला बाराव्या तासाची नर्स देता? सुई टोचताना तुमचा हात बघितलाय मी.”

नर्स संतापली. मग दोन दिवसांनी स्वतःच विचारायला आली, “अर्ज कुणाकडे करायचा?”

त्या अर्जाला अठ्ठावीस वर्षं लागली. तीन सरकारं आली-गेली. कापडखोलीच्या बाया, वॉर्डातल्या आया, नर्सा, स्वयंपाकघरातले लोक दोनदा बाहेर बसले. एकदा वर्तमानपत्राने त्यांना निर्दय म्हटलं. आत्या ते वर्तमानपत्र घेऊन त्याच्या कचेरीत गेली आणि संपादकाला विचारून आली की तुम्ही किती वाजता घरी जाता. शेवटी हुकूम निघाला, इस्पितळातही आठ तास, तीन पाळ्या. लागू होण्याची तारीख होती आत्या निवृत्त झाल्यानंतर चार महिन्यांनी. सोळाव्या वर्षापासून तिने काम केलं, आणि सगळं मोजलं तर आठ तासांचा एक हक्काचा दिवस तिच्या वाट्याला आला नाही. लोक तिचं अभिनंदन करायला आले तर तिने अर्ध्यांना चहासुद्धा विचारला नाही.

हुकूम लागू झाला त्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. पाळी दोनला सुटायची. पावणेदोनपासून ती इस्पितळाच्या फाटकासमोर उभी. दोन वाजले. कुणी आलं नाही. दोन-पाच. ती घड्याळाकडे बघेना, फाटकाकडेच बघत राहिली. दोन वाजून अकरा मिनिटांनी सकाळच्या पाळीच्या बाया हसत-बोलत बाहेर आल्या.

“अकरा मिनिटं,” आत्या म्हणाली आणि आत निघाली.

राखणदार तरुण होता, ओळखीचा होता. “अहो आजी, पहिलाच दिवस आहे, होतं थोडं मागेपुढे. आणि तुम्ही तर आता निवृत्त झालात ना?”

“मी झाले,” आत्या म्हणाली. “कायदा आजच कामावर लागलाय. पहिल्या दिवशी ढील दिली तर तेरा वर्षं निस्तरावं लागतं. बाजूला हो.”

तो बाजूला झाला. ती हजेरीच्या खोलीकडे चालू लागली, आणि मी तिच्या मागे, कारण मघाशी बाहेर आलेल्या बायांपैकी चारपाच जणीही परत वळून तिच्या बरोबरीने चालायला लागल्या होत्या.